रास्त मोल कोणाच्या हाती? : हस्तव्यवसाय, न्याय्य व्यापार आणि सातारा-सांगलीच्या स्त्रिया

गरीब देशांतील स्त्रियांनी हाताने घडविलेल्या वस्तू संपन्न देशांतील ग्राहकाने दलालांची साखळी टाळून रास्त किमतीला विकत घ्याव्यात आणि त्या किमतीच्या आधाराने त्या स्त्रियांनी दारिद्र्यातून वर यावे, या कल्पनेला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली आहेत. या अवधीत तिच्याभोवती संस्था उभ्या राहिल्या, नियमावल्या तयार झाल्या, आणि पुरस्कर्ते व आक्षेपक या दोहोंचीही बाजू उत्तरोत्तर सविस्तर होत गेली. या वादाचा ताळेबंद आपल्या एखाद्या मुलखाच्या संदर्भात मांडून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे निवडण्यास सबळ कारण आहे. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा काढलेला आणि १९६० साली सांगली हे नाव पावलेला जिल्हा मूळ साताऱ्याचाच भाग; आणि या एकत्रित मुलखात कृष्णाकाठचा उसाने समृद्ध झालेला पट्टा व माण, आटपाडी, जत या तालुक्यांचा सदा अवर्षणग्रस्त पट्टा शेजारी शेजारी नांदतात. येथे लोकरीचे, कातड्याचे आणि जुन्या वस्त्रांचे हस्तव्यवसाय आहेत. त्याचप्रमाणे स्त्रियांच्या दारिद्र्यावर हस्तव्यवसायाखेरीज जे अन्य उपाय सुचविले गेले, त्यांपैकी दोन प्रमुख उपायही येथे आकारास आले.

पूर्वपीठिका

या चळवळीचा आरंभ साधारणतः १९४६ सालापासून धरतात. त्या वर्षी एडना रूथ बायलर या अमेरिकन बाईंनी पोर्तो रिको बेटावरील गरीब स्त्रियांचे भरतकाम पाहिले आणि ते आपल्या परिचितांत विकण्यास प्रारंभ केला. धर्मकार्याच्या भावनेतून निघालेल्या या उद्योगाला राजकीय आशय लाभला तो पुढे १९६८ साली, जेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे दुसरे अधिवेशन दिल्लीत भरले आणि आम्हांस मदत नको, व्यापार द्या, ही मागणी नवस्वतंत्र राष्ट्रांनी उच्चरवाने मांडली. त्यापाठोपाठ १९६९ साली हॉलंडमधील ब्रेकेलेन गावी अशा मालाचे पहिले स्वतंत्र दुकान निघाले, आणि १९८८ साली त्याच देशात मॅक्स हॅवलार या नावाची मोहोर कॉफीच्या पुड्यांवर उमटू लागली.

येथे या चळवळीच्या दोन शाखा झाल्या आणि पुढील सर्व वादात हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कॉफी, चहा, केळी या जिनसांचे वजन करता येते, प्रतवारी लावता येते, त्यामुळे त्यांचा किमान भाव ठरवून मालावरच शिक्का मारता येतो. हाताने घडविलेल्या वस्तूंचे तसे होत नाही, कारण कोणतेही दोन नग सर्वस्वी सारखे नसतात. म्हणून हस्तव्यवसायात तपासणी मालाची न होता संस्थेची होऊ लागली. १९८९ साली स्थापन झालेल्या आणि आज जागतिक न्याय्य व्यापार संघटना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाने यासाठी दहा तत्त्वे घालून दिली आहेत. रास्त किंमत, मागणीबरोबर आगाऊ उचल, बालमजुरीस मज्जाव, स्त्री-पुरुष समता ही त्यांतील प्रमुख. आपल्याकडे मुंबईत १९७५ साली आशा हँडिक्राफ्ट्स आणि १९८४ साली अंधेरीच्या झोपडवस्तीतील स्त्रियांसाठी इसाबेल मार्टिन या स्पॅनिश जोगिणीने काढलेली क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स या संस्था याच परंपरेतल्या.

तथापि कारागिराच्या मोबदल्याचा विचार महाराष्ट्राला परदेशातून आयात करावा लागला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा बलुत्याची सारी व्यवस्था तपशिलाने नोंदली. धनंजयराव गाडगीळांनी १९२४ साली भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील आपल्या ग्रंथात नागर हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची कारणमीमांसा केली. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने तर रास्त भाव हे दोन शब्द खेडोपाडी पोहोचविले. परंतु या सगळ्या विचारात मोबदल्याचा धनी म्हणून जे एकक गृहीत धरले गेले, ते घर हे होते. बलुते खळ्यावर मोजले जाई ते चांभाराच्या वा लोहाराच्या घराला; त्या घरातील बाईने भाता ओढला किंवा वाद्या वळल्या, तरी तिच्या श्रमाची निराळी रुजवात कोणत्याही दप्तरात होत नसे. माझ्या मते प्रस्तुत वादाचे मर्म येथे आहे, आणि पुढील सर्व मते पारखताना ते नजरेआड होता कामा नये.

तीन जिन्नस

पहिला जिन्नस घोंगडी. माणदेशचा, म्हणजे वर सांगितलेल्या अवर्षणग्रस्त पट्ट्याचा, पाऊस वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. त्यामुळे येथील धनगरांचा संसार मेंढरांच्या पाठीवर चालत आला. दख्खनी मेंढीची लोकर काळसर आणि जाडीभरडी असते; अंगालगतच्या मऊ वस्त्राला ती चालत नाही, परंतु पावसात व थंडीत पांघरण्याच्या घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही. लोकर कातरल्यावर ती निवडून, पिंजून तिचे पेळू करतात, आणि ते चरख्यावर कातण्याचे काम परंपरेने बहुतांशी बायांचे. हे सूत एकसारखे निघणे सोपे नसते. आखूड धाग्याच्या लोकरीला पीळ कमी पडला तर ताणा मागावर तुटतो, जास्त पडला तर घोंगडी अंगाला बोचते, आणि हा अंदाज केवळ बोटांच्या सवयीने येतो. पुढे सनगर विणकर तो ताणा आखून, चिंचोके भिजवून-वाटून शिजविलेली खळ त्याला कुंच्याने लावतात आणि खड्ड्यातील मागावर घोंगडी विणतात. विणलेली घोंगडी पुरुषाच्या नावाने बाजारात जाते. कातणारीचा वाटा किती, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

या धंद्याला उतरती कळा लागली त्याची कारणे उघड आहेत. गिरणीचे स्वस्त कृत्रिम ब्लँकेट आले, मांसाचा भाव चढला आणि मेंढपाळाच्या हिशेबात लोकर गौण ठरली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीवर दीर्घकाल परिश्रम करून जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ ही जात सिद्ध केली, ती मेंढपाळाला प्रत्येक मेंढीमागे अधिक कोकरे मिळावीत म्हणून. आणि आर्थिकदृष्ट्या तो निर्णय शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. अलीकडे शहरी ग्राहकांसाठी दख्खनी लोकरीच्या सतरंज्या व पिशव्या बनविण्याचे प्रयत्न काही संस्था करीत आहेत, हे स्वागतार्ह आहे. पण मूळ जनावरच लोकरीसाठी पाळले जात नसेल, तर केवळ शेवटच्या वस्तूची किंमत वाढवून सबंध साखळी सावरेल किंवा कसे, हे सांगणे कठीण.

दुसरा जिन्नस वाकळ. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरून, कडेपासून आत आत सरकणाऱ्या धावदोऱ्याने ते शिवून काढणे, ही कला या मुलखात घरोघरी होती आणि ती सर्वस्वी बायकांची होती. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या कलेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. वाकळ विक्रीस योग्य वाटते खरी. परंतु तिचा जमाखर्च मांडून पाहावा. एक मोठी वाकळ नीट, दाट टाक्याने शिवावयास दहा पूर्ण दिवस लागतात, असे उदाहरणादाखल धरू. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने दहा दिवसांची मजुरी २९७० रुपये होते. कापड, दोरा, धुलाई, वाहतूक, दुकानदाराचा नफा हे सर्व त्यावर. सातारच्या किंवा मिरजेच्या पेठेत एवढ्या किमतीला वाकळ घेणारे गिऱ्हाईक मिळणे दुरापास्त. म्हणजे एक तर दूरचा, सधन ग्राहक शोधावा, नाही तर खडी फोडणाऱ्या मजुरापेक्षाही कमी मोबदल्यावर बाईने शिवीत बसावे. आणि हे दुसरे सर्रास घडते, कारण घरी बसून केलेल्या कामाचे तास कोणी मोजीत नाही, ती स्वतःही मोजीत नाही.

तिसरा जिन्नस कोल्हापुरी चप्पल. नावात कोल्हापूर असले तरी २०१९ साली तिला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट अशा आठ जिल्ह्यांसाठी मिळून आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचे तळ कापणे हे सामान्यतः पुरुषांचे काम, आणि पट्ट्यावरील बारीक वेणी वळणे, शिवण, गोंडे हे बायकांचे. ज्या नक्षीमुळे चप्पल ओळखली जाते, ती अशी बव्हंशी स्त्रियांच्या बोटांतून उतरते. सांगलीच्या सीमेलगत अथणी येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘टोहोल्ड’ हा कारागिरांचा संघ उभा राहिला, तेव्हा त्याच्या चालकांनी स्त्रियांच्या बचतगटांना त्याचा पाया केला. धंदा कुटुंबाचा, पण संघटना बायकांची, ही त्या प्रयोगातील नवी गोष्ट होती.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात याच घाटाच्या चपला मूळ कारागिरांचा नामनिर्देश न करता मांडल्या आणि मोठा गहजब झाला. त्याची परिणती अशी की, त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी त्या कंपनीने करार केला आणि सुमारे ८०० युरो किमतीचे २००० जोड येथील कारागिरांच्या सहभागाने तयार करण्याचे जाहीर केले.

समर्थक आणि आक्षेपक

न्याय्य व्यापाराच्या समर्थकांची बाजू अशी. माण किंवा जत तालुक्यातील बाईला घर, म्हातारी माणसे, गुरे सोडून दूर जाता येत नाही. तेव्हा जे काम तिच्या दारी येईल आणि जे कसब तिच्या हाती आहे, त्यालाच चांगला भाव मिळवून देणे हा व्यवहार्य मार्ग होय. आगाऊ उचल मिळाल्याने कच्च्या मालासाठी सावकाराकडे जावे लागत नाही. दीर्घ मुदतीच्या मागणीमुळे वर्षभराचा अंदाज बांधता येतो. शिवाय गटाने काम केल्याने बाईला घराबाहेरचे एक व्यासपीठ मिळते, हिशेब कळू लागतो, चारचौघांत बोलण्याचे धैर्य येते. या शेवटच्या लाभाचे मोल पैशात करता येत नाही, म्हणून तो लहान मानू नये. ज्यांनी बचतगटाची पहिली आणि पंचविसावी बैठक पाहिली आहे, त्यांना यातील तथ्य वेगळे सांगावयास नको.

याला पहिला आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. पॉल कॉलियर यांनी २००७ सालच्या आपल्या ग्रंथात असा मुद्दा मांडला की, जादा किंमत देऊन आपण गरिबाला त्याच कमी उत्पादक धंद्यात खिळवून ठेवतो, जो सोडण्यातच त्याचे हित असते. २०१४ साली लंडनच्या प्राच्यविद्या व आफ्रिकाविषयक विद्यालयातील संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडा येथील पाहणीतून असे दाखविले की, न्याय्य व्यापाराच्या मोहोरेखाली चालणाऱ्या उत्पादकांकडे राबणाऱ्या मजुरांची, विशेषतः स्त्रियांची, स्थिती इतरांपेक्षा बरी नव्हती. कित्येक ठिकाणी मजुरी कमीच होती. ही पाहणी कॉफी, चहा व फुले यांच्या मळ्यांची आहे, हस्तव्यवसायांची नव्हे, आणि तिचा निष्कर्ष घोंगडीला जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. परंतु संस्थेला मिळालेली किंमत आणि शेवटच्या मजुराला मिळालेली मजुरी यांत अंतर असू शकते, एवढा बोध त्यातून निःसंशय घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी अभ्यासकांचा, आणि तो मला अधिक मूलगामी वाटतो. मारिया मीस यांनी आंध्रातील नरसापूर येथे लेस विणणाऱ्या स्त्रियांचा जो अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध केला, त्याचे सार असे की, जागतिक बाजारासाठी दिवसाचे अनेक तास राबणाऱ्या या स्त्रियांना कामगार न समजता फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी समजले गेले, आणि याच समजुतीच्या पायावर निर्यातदारांचा नफा उभा राहिला. घरबसल्या काम ही सोय खरी, पण तीच बेडीही ठरू शकते. घरून काम करणाऱ्यांना इतर कामगारांबरोबरीचे हक्क द्यावेत, असा ठराव आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ साली केला. इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संस्थेने त्यासाठी अटोकाट झटूनही भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

तिसरा आक्षेप खास आपल्या भूमीतला आहे आणि पाश्चात्त्य ग्रंथांतून तो जवळजवळ सापडत नाही. आपल्याकडील बहुतेक हस्तव्यवसाय जातीशी बांधलेले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांनी १९०० साली साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, त्यांनी आयुष्यभर हे सांगितले की, जात माणसाला त्याच्या आवडीनुसार नव्हे तर जन्मानुसार धंद्याला जखडते आणि असे हीन लेखलेले धंदे सोडण्यातच मुक्ती आहे. या दृष्टीने पाहता चामड्याच्या धंद्यातील मुलीने शिकून परिचारिका वा शिक्षिका व्हावे हे उत्तम, आणि परंपरा टिकविण्याच्या नावाखाली तिला वेणी वळीत बसविणे हे तिच्यावर लादलेले ओझे. याच्या उलट, ज्या कसबाच्या नावाने आजवर अवहेलना सोसली, त्याचीच किंमत आज जग मोजीत असेल तर ती आम्हीच का घेऊ नये, असे म्हणणारे तरुण कारागीरही त्याच वस्त्यांत आहेत. हे दोन्ही विचार प्रामाणिक आहेत, आणि त्यांच्यातील निवाडा बाहेरच्याने करू नये.

दुसऱ्या वाटा

हस्तव्यवसायाला पर्याय म्हणून या मुलखाने दिलेले पहिले उत्तर मजुरीचे. मूळच्या तासगाव तालुक्यातील वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६० च्या दशकात त्या तालुक्यात ज्या रोजगार हमी योजनेचा प्रयोग झाला, ती १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. नालाबंडिंगच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. यात कलेचा, कसबाचा काही संबंध नव्हता. उन्हातान्हात माती वाहायची होती. पण हजेरीपटावर बाईचे स्वतःचे नाव होते, आणि दर पुरुषाइतकाच होता.

दुसरे उत्तर पतपुरवठ्याचे. ते म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेच्या रूपाने १९९७ साली साकार झाले. तिच्या संस्थापक चेतना गाला-सिन्हा यांनी अनेकदा सांगितलेली हकिकत अशी की, रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी पालावर टाकावयास ताडपत्री घेण्याकरिता रोज थोडी शिल्लक टाकायची होती आणि एवढ्या लहान रकमेचे खाते उघडण्यास कोणतीही बँक तयार नव्हती. महिलांची स्वतंत्र बँक काढण्याची पहिली दरखास्त रिझर्व्ह बँकेने फेटाळली, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींचे अंगठे होते. तेव्हा त्या लिहा-वाचावयास शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखविण्याची तयारी ठेवून परवाना घेऊन आल्या.

या हकिकतीत आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. ती बाई कारागीर होती. तिच्या हातात कसब होते, तिच्या मालाला आठवडी बाजारात गिऱ्हाईकही होते. विळे-कुऱ्हाडी विकल्या जात होत्या. तिला कमतरता होती ती मिळालेला पैसा स्वतःच्या नावावर, सुरक्षित, आपल्या मर्जीने खर्चता येईल असा ठेवण्याच्या जागेची. रोजच्या रोज दारी येऊन बचत गोळा करण्याची जी पद्धत या बँकेने स्वीकारली, तिचे प्रयोजन हेच. गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या कर्जावर सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या यशातही मला तेच सूत्र दिसते. तेथील भगिनींना वणई, म्हणजे पापड लाटण्याची मजुरी, मिळते ती त्यांच्याच हाती, आणि हा माल विदेशातील सहृदय ग्राहकाच्या आधारावर नव्हे तर घरोघरच्या ताटातील गरजेवर वाढला.

न सुटलेले प्रश्न

यावरून हस्तव्यवसायाचा मार्ग चुकीचा आणि बँकेचा वा मजुरीचा मार्ग बरोबर, असा निवाडा काढणे घाईचे होईल. रोजगार हमीच्या कामाने कसब वाढत नाही, आणि काम संपले की मिळकत संपते. कर्ज मिळाले तरी त्यातून काढलेल्या धंद्याच्या मालाला गिऱ्हाईक लागतेच. बचतगटांनी घातलेल्या लोणच्या-पापडांचे आणि शिवलेल्या पिशव्यांचे ढीग प्रदर्शनानंतर परत गावी जाताना अनेकांनी पाहिले असतील. म्हणजे बाजार, पतपुरवठा आणि मालकी हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि आजवरच्या बहुतेक अभ्यासांनी त्यांतील एकेकच हाती घेतला आहे.

उपलब्ध पुराव्याचा दर्जा हीही एक अडचण आहे. हस्तव्यवसायांविषयीचे लिखाण पुष्कळसे त्या त्या संस्थांच्या अहवालांतून आलेले, आणि त्यांत यशस्वी झालेल्या बाईचे छायाचित्र असते. जी सहा महिन्यांत गट सोडून ऊसतोडीला गेली तिची नोंद नसते. कच्च्या मालाचा प्रश्न तर किमतीच्या चर्चेत येतच नाही. २०१५ सालच्या गोवंशहत्याबंदीच्या कायद्यानंतर कातडे मिळण्यात अडचणी वाढल्याची चर्मकारांची तक्रार आहे, आणि लोकरीची अवस्था वर आलीच आहे.

प्राडाच्या कराराने या सगळ्या प्रश्नांना नव्याने धार आली आहे. ८०० युरोंच्या जोडातील किती रक्कम कारागिराच्या घरी पोहोचणार, याची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली आणि ती व्हावयासही हवी. परंतु भौगोलिक मानांकनाखालील अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद कोणाची होते, प्रशिक्षणाच्या यादीत वेणी वळणारीचे नाव असते की तळ कापणाऱ्याचेच, पैसे ज्या खात्यात जमा होतात ते खाते कोणाच्या नावावर आहे, आणि नगावर मजुरी देताना त्या नगाला लागणारे तास कोणी मोजले, या गोष्टी विचारल्या गेल्याचे फारसे दिसत नाही. दोन्ही राज्यांच्या महामंडळांना हे विचारणे अवघड नाही. त्यांच्या दप्तरात कारागिराच्या नावापुढे आणखी दोन रकाने, एक त्या घरातील काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या नावाचा आणि दुसरा तिच्या स्वतंत्र खात्याचा, आखले गेले, तर पाच-सात वर्षांनी हाच आढावा घेणाऱ्या अभ्यासकाला अनुमानांऐवजी आकड्यांवर बोलता येईल.